आज्ञार्थ, विध्यर्थ आणि दूरस्थ यंत्र : ‘अँसिबल’च्या भाषेची एक चिकित्सा

एका ठिकाणी बसून शेकडो दूरस्थ संगणकांना कामे सांगण्याची जी साधने गेल्या तीन दशकांत निर्माण झाली, त्यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले ते जवळजवळ सर्व अभियंत्यांनी लिहिले आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु ही साधने मूलतः सांगण्याची साधने आहेत. कोणी कोणाला, कोणत्या रूपात, किती मध्यस्थांमार्फत काय सांगितले आणि त्याचे उत्तर काय आले, हाच त्यांचा सगळा व्यवहार होय. तेव्हा त्यांचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करू नये असे मानण्यास कारण दिसत नाही. मायकेल डीहान यांनी २०१२ साली सिद्ध केलेले आणि २०१५ पासून रेड हॅट ह्या संस्थेकडे असलेले ‘अँसिबल’ हे साधन येथे परीक्षणासाठी घेतले आहे. त्याच्या ‘कमांड’ आणि ‘शेल’ ह्या दोन घटकांवर, म्हणजे दूरच्या यंत्रावर थेट आज्ञा चालवण्याच्या दोन रीतींवर, विवेचनाचा भर आहे.

ह्या दोन घटकांविषयी जाणत्यांमध्ये एक मत रूढ आहे. अँसिबलची भाषा घोषणात्मक आहे. तीत काय करावे हे सांगायचे नसून काय असावे हे सांगायचे असते. आणि जो ‘शेल’चा आश्रय घेतो तो ह्या शुद्ध भाषेत अशुद्धाची भेसळ करतो, असे ते मत होय. मत अर्धे खरे आहे. मात्र जे अर्धे खरे नाही, त्यामुळेच पुष्कळ अनर्थ घडतात.

मराठी व्याकरणकारांनी आख्याताचे आज्ञार्थ आणि विध्यर्थ असे दोन वेगळे अर्थ मानले आहेत. ‘दिवा लाव’ ही आज्ञा झाली. ‘दिवा लागलेला असावा’ ह्या वाक्यात कोणालाही उद्देशून काही म्हटलेले नाही. एक इष्ट स्थिती तेवढी मांडली आहे. दिवा आधीच लागलेला असेल, तर पहिल्या वाक्याचे पालन करणारा नोकर बुचकळ्यात पडेल, दुसरे ऐकणारा स्वस्थ बसेल. अँसिबलचे बहुतेक घटक दुसऱ्या प्रकारचे आहेत. एखादी आज्ञावली यंत्रावर ‘प्रेझेंट’ असावी, अमुक धारिका ‘अॅबसेंट’ असावी, अमुक सेवा ‘स्टार्टेड’ असावी, अशा विशेषणांनी आणि भूतकालवाचक धातुसाधितांनी ते बोलतात. एकच वाक्य दहा वेळा उच्चारले तरी परिणाम एकदा उच्चारल्याइतकाच होतो. ह्या गुणाला इंग्रजीत ‘आयडेम्पोटन्स’ म्हणतात. तो शब्द बेंजामिन पर्स ह्या गणितज्ञाने १८७० साली बीजगणितासाठी घडवला. मराठीत त्याला ‘पुनरुक्तिसहता’ म्हणणे सोयीचे होईल, कारण पुनरुक्ती सहन करण्याची शक्ती हाच त्याचा येथील अर्थ आहे.

हे सर्व मान्य केले तरी ही भाषा सर्वस्वी विध्यर्थी आहे असे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा तिच्याच शब्दसंग्रहात आहे. सेवाविषयक घटकात ‘स्टार्टेड’, ‘स्टॉप्ड’ यांच्या पंक्तीस ‘रीस्टार्टेड’ हा शब्द बसवलेला आहे. तिन्ही रूपे व्याकरणदृष्ट्या एकाच साच्याची आहेत. परंतु ‘चालू असलेली’ ही स्थिती आहे आणि ‘पुन्हा चालू केलेली’ ही घटना आहे. पुन्हा चालू केलेल्या सेवेच्या अंगावर तशी काही खूण राहत नाही, म्हणून हे वाक्य दर वेळी नव्याने अमलात आणावे लागते. साधनाच्या अधिकृत माहितीतही हा भेद नोंदलेला आहे. म्हणजे धातुसाधिताचा वेष घेतलेला हा आज्ञार्थच होय. शिवाय अँसिबलच्या ‘प्लेबुका’तील कामे लिहिल्या क्रमाने वरून खाली केली जातात. क्रमाला इतके महत्त्व असलेले लेखन म्हणजे वर्णन नव्हे, ती कार्यपद्धती आहे. घोषणेचा आणि आज्ञेचा संकर अशा रीतीने भाषेच्या गाभ्यातच आहे; ‘शेल’ने तो बाहेरून आणला असे म्हणणे अन्यायाचे आहे.

मग ‘शेल’चा खरा दोष कोणता? तो पाहण्यासाठी मीमांसकांचे एक विश्लेषण उपयोगी पडते. विधिवाक्यातून जी भावना प्रतीत होते तिला तीन अपेक्षा असतात असे त्यांनी म्हटले आहे : काय साधावे, कशाने साधावे आणि कोणत्या रीतीने साधावे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता ही त्यांची नावे. स्वर्गेच्छूला सांगितलेल्या यागात स्वर्ग हे साध्य, याग हे साधन, प्रयाजादी अंगे ही इतिकर्तव्यता. आता ‘अमुक आज्ञावली असावी’ ह्या अँसिबलच्या वाक्यात साध्य स्पष्ट आहे आणि इतिकर्तव्यता घटकाच्या पोटात दडलेली आहे. ‘शेल’ घटकाला दिलेल्या ओळीत नेमके उलटे घडते. साधन आणि रीत यांचा तपशील तेथे भरपूर असतो. साध्य मात्र लिहिणाऱ्याच्या मनात राहते. ते व्यक्त करण्यास त्याला एकच जागा मिळते, ती म्हणजे कामाच्या डोक्यावरची ‘नेम’ ही ओळ. तेथे तो ‘विदागाराची प्रत काढणे’ असे काहीतरी लिहितो. ही ओळ यंत्र पडद्यावर छापते, पण तिचा अर्थ घेत नाही. मीमांसेच्या परिभाषेत ती अर्थवाद होय : विधीच्या आश्रयाने राहणारी, स्वतः काहीही न घडवणारी. खाली लिहिलेली आज्ञा बदलली आणि वरची ओळ तशीच राहिली, तर दोघांतील विसंगती दाखवणारा कोणी नाही. ‘क्रिएट्स’ आणि ‘रिमूव्ह्ज’ अशी दोन विशेषके ह्या घटकांना जोडता येतात. अमुक धारिका अस्तित्वात असेल तर आज्ञा चालवू नये, हे पहिले सांगते. नसेल तर चालवू नये, हे दुसरे. साध्याचा उच्चार करण्याची तेवढीच मुभा ह्या रूपांना आहे, आणि तीही साध्य एखाद्या धारिकेच्या रूपाने दिसण्याजोगे असेल तरच.

‘कमांड’ आणि ‘शेल’ यांतील भेद बहुधा असा सांगितला जातो की पहिल्यात नळी, पुनर्निर्देशन, तारांकन, अर्धविराम इत्यादी चिन्हे चालत नाहीत, दुसऱ्यात चालतात. हे लक्षण झाले, कारण नव्हे. कारण पदच्छेदाचे आहे. वैदिक परंपरेत संहितापाठ आणि पदपाठ असे दोन पाठ असतात. संहितेत पदे एकमेकांत मिसळलेली असतात, ऐकणाऱ्याने ती सोडवून घ्यायची. पदपाठात ती आधीच सुटी करून दिलेली असतात. ‘कमांड’ हा पदपाठ आहे. आज्ञेचे नाव आणि तिची एकेक कर्मे सुटी करून ती थेट यंत्राच्या कारभाऱ्याकडे दिली जातात. त्यातही ‘आर्गव्ही’ ह्या रूपात पदांची यादीच देण्याची सोय आहे, तेव्हा छेदाचा प्रश्नच उरत नाही. ‘शेल’मध्ये एक अखंड ओळ पलीकडच्या ‘शेल’ ह्या दुभाष्याकडे जाते आणि पदे कोठे तुटतात हे तो ठरवतो.

‘जुने अहवाल’ ह्या नावाची एक धारिका पुसायची आहे असे समजू. नावात रिकामी जागा आहे. संहितापाठ स्वीकारला आणि अवतरणचिन्हे विसरली, तर पलीकडचा दुभाष्या ‘जुने’ ही एक आणि ‘अहवाल’ ही दुसरी अशा दोन धारिका पुसू पाहील. त्या नावांच्या धारिका तेथे असतील तर त्या जातील, आणि जी पुसायची होती ती तशीच राहील. गैरसमज इतका पूर्ण असू शकतो, हे मानवी संभाषणात क्वचितच दिसते, कारण मनुष्य थांबून विचारतो.

अवतरणचिन्हे घातली तरी ती कोणत्या मुक्कामापर्यंत टिकतील, हा पुढचा प्रश्न. ‘एसएसएच’ ह्या ज्या सुरक्षित वाहिनीवरून अँसिबल सामान्यतः बोलते, ती तातू इलोनेन यांनी १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात रचली. तिच्या आधी १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये ‘आरएसएच’ होते, आणि एक सवय तेथून वारशाने आली आहे : आज्ञेची सुटी पदे मध्ये एकेक रिकामी जागा घालून पुन्हा जोडली जातात आणि एकच ओळ म्हणून पाठवली जातात. इकडच्या शेलने काळजीपूर्वक केलेला पदच्छेद वाटेत पुसला जातो आणि तिकडच्या शेलला तो पुन्हा करावा लागतो. म्हणून हाताने ‘एसएसएच’ वापरणाऱ्याला अवतरणात अवतरण घालावे लागते. प्लेबुकात तर आणखी दोन वाचक मध्ये उभे असतात. लेखन ‘यॅमल’ ह्या मांडणीत असते आणि तिचे अवतरणाचे नियम निराळे. तिच्या जुन्या नियमांनुसार नॉर्वेचे ‘एन-ओ’ हे देशचिन्ह अवतरणाविना लिहिले तर ते ‘नाही’ असे वाचले जाते, ही गोष्ट आता विनोदाच्या कोटीत गेली आहे. त्यानंतर ‘जिंजा’ ही साचाभाषा दुहेरी महिरपी कंसांतील नावांच्या जागी मूल्ये भरते. मगच ओळ शेलपर्यंत पोचते. एका वाक्याचे तीन वाचक, आणि प्रत्येकाचे व्याकरण वेगळे.

येथे पाणिनीची आठवण होणे अपरिहार्य आहे. व्याकरणशास्त्रात शब्द उच्चारला की तो, शास्त्राने दिलेली संज्ञा नसेल तर, स्वतःच्या रूपाचा बोध करतो, अर्थाचा नव्हे, हा त्याच्या आरंभीच्या नियमांपैकी एक आहे. लौकिक भाषेत शब्द अर्थासाठी वापरला जातो. शास्त्रात तो रूपासाठी उल्लेखिला जातो. वापर आणि उल्लेख यांची सीमा संस्कृतात ‘इति’ने आखली जाते, मराठीत ‘म्हणून’ने किंवा ‘की’ने. शेलमध्ये ती अवतरणचिन्हांनी आखली जाते, पण चिन्हे दोन प्रकारची आहेत. एकेरी चिन्हांतील मजकूर केवळ उल्लेख असतो. दुहेरी चिन्हांतील मजकुरात डॉलर-चिन्हाने सुरू होणारी नावे मात्र वापरलेली असतात. त्यांच्या जागी मूल्ये येतात. ‘होम’ हे असेच एक नाव आहे, त्याचा अर्थ ‘वापरकर्त्याचे घर’. एसएसएचला दिलेल्या आज्ञेत ते दुहेरी चिन्हांत लिहिले तर इकडचे घर समजले जाते आणि त्याचा पत्ता पलीकडे जातो; एकेरी चिन्हांत लिहिले तर नाव तसेच जाते आणि पलीकडे पोचल्यावर पलीकडचे घर होते.

मराठी भाषकाला ही अडचण परकी वाटू नये. ‘गोविंदाने सांगितले की मी उद्या येतो’ ह्या वाक्यातील ‘मी’ गोविंद आहे; इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात तेथे ‘तो’ आला असता. मराठी वाक्य मूळ वक्त्याचे ‘मी’, ‘येथे’, ‘उद्या’ बहुधा तसेच वाहून नेते आणि क्वचित संदिग्धही होते. शेलची एकेरी चिन्हे मराठीच्या ‘की’सारखी वागतात, दुहेरी चिन्हे इंग्रजी अप्रत्यक्ष कथनासारखी. अँसिबलमध्ये दर्शकशब्दांचा हा गोंधळ दुसऱ्या रूपाने पुन्हा येतो. त्याचे सामान्य घटक लक्ष्य यंत्रावर चालतात, ‘लुकअप’ नावाची साधने मात्र नियंत्रक यंत्रावर. एकाच ओळीत एक ‘येथे’ पलीकडचा आणि दुसरा ‘येथे’ अलीकडचा असू शकतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या संस्थेत जे घडले ते स्वयंचलित साधनाने नव्हे, हाताने लिहिलेल्या आज्ञेने घडले. परंतु त्याचे मूळ ह्याच जातीचे होते. दुय्यम विदागाराची विदा पुसण्यासाठी दिलेली आज्ञा मुख्य विदागारावर दिली गेली. आज्ञेत एकही अक्षर चुकले नव्हते. ‘येथे’ कोठे आहे हे चुकले होते. सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइट उरले, आणि सुमारे सहा तासांत नोंदलेली माहिती कायमची गेली.

नावाला मूल्यच नसेल तर काय होते, हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरावर माणसांच्या जन्माच्या ठेवी अवलंबून असतात. शेलमध्ये अशा नावाच्या जागी काहीच येत नाही. नाव मुकाट्याने लोप पावते. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम ह्या खेळांच्या आज्ञावलीच्या लिनक्सवरील आवृत्तीत हा दोष उघडकीस आला. अमुक स्थानाखालचे सर्व पुसावे अशी तीत ओळ होती. स्थानाचे नाव रिक्त निघाले, म्हणून ‘मुळाखालचे सर्व पुसावे’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला आणि वापरकर्त्याच्या साऱ्या धारिका गेल्या. ‘कमांड’ घटकाची रीत निराळी आहे. त्याच्या अधिकृत वर्णनात पूर्वी असे सरसकट म्हटलेले असे की येथे डॉलर-चिन्हाची नावे चालत नाहीत. प्रत्यक्षात ती चालत होती. शेल नव्हे, पायथन ही भाषा त्यांची मूल्ये भरत होती. २०२३ साली आलेल्या २.१६ ह्या आवृत्तीत ही भरणी बंद करण्याची सोय झाली आणि वर्णनातही दुरुस्ती झाली. ज्या नावाला मूल्य सापडत नाही ते ‘कमांड’मध्ये जसेच्या तसे राहते, म्हणजे पाणिनीच्या नियमाप्रमाणे स्वरूपाचा बोध करते. स्टीमची ओळ ह्या रीतीने वाचली गेली असती तर कोणाचे काही गेले नसते. शेल लोपाला मान्यता देतो, ‘कमांड’ देत नाही : दोन घटकांतील सर्वांत मोठा अर्थभेद हा आहे. इतक्या महत्त्वाच्या ठिकाणी माहितीपत्रकाने इतकी वर्षे चुकीचे विधान करीत राहावे, ही गोष्ट खेदाची आहे. नळी आणि तारांकन यांच्या यादीत नावांनाही ढकलून देण्याची घाई तिच्या मुळाशी दिसते.

आज्ञा गेली, आता उत्तर. एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात दोन याद्यांचा दृष्टांत दिला आहे. एक मनुष्य यादी घेऊन बाजारात जातो आणि एक गुप्तहेर त्याच्या मागे राहून तो काय घेतो त्याची यादी करतो. पहिल्या यादीशी खरेदी जुळली नाही तर चूक खरेदीत असते. दुसरीशी जुळली नाही तर चूक यादीत. अँसिबलला ह्या दोन्ही याद्या हाताळाव्या लागतात. प्लेबुक ही पहिली; शेवटी पडद्यावर उमटणारा ‘ओके’, ‘चेंज्ड’, ‘फेल्ड’ हा गोषवारा दुसरी. विध्यर्थी घटकांत दोन्ही एकाच तपासणीतून निघतात, म्हणून ‘चेंज्ड’ ह्या शब्दाला साक्षीचे मोल असते. ‘कमांड’ आणि ‘शेल’ यांत मात्र आज्ञा यशस्वी झाली की ‘चेंज्ड’ असे आपोआप लिहिले जाते. घड्याळात किती वाजले एवढे विचारले तरी यंत्र बदलल्याची नोंद होते. गुप्तहेर बाजारात न जाताच यादी लिहीत आहे असा हा प्रकार आहे. ‘चेंज्ड-व्हेन’ ह्या विशेषकाने ही साक्ष सुधारता येते. पण तेव्हा सुधारणारा लिहिणाराच असतो, म्हणजे ज्याची तपासणी व्हायची त्यानेच ती लिहायची.

‘फेल्ड’ची गतही बरी नाही. धारिकेत एखादा शब्द शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा शब्द सापडल्यास शून्य, न सापडल्यास एक आणि शोधच फसल्यास त्याहून मोठा अंक परत देते. तिच्या भाषेत ‘नाही’ हे एक सरळ उत्तर आहे. अँसिबल शून्येतर प्रत्येक अंक अपयश समजते आणि त्या यंत्रावरचे पुढचे काम थांबवते. ‘घरी कोणी आहे का?’ ह्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून निरोप्याला नालायक ठरवावे, तसे हे झाले. नळीच्या बाबतीत उलट घडते. अनेक आज्ञा नळीने जोडल्या तर साध्या शेलमध्ये शेवटच्या आज्ञेचे उत्तर तेवढे सगळ्यांचे उत्तर म्हणून येते. पहिलीने प्राण सोडला तरी शेवटची हसतमुख असेल तर सर्व कुशल. त्यावर ‘पाइपफेल’ हा उपाय आहे, पण तोही शेलच्या बोलीवर अवलंबून. रेड हॅटच्या कुळात ‘एसएच’ ह्या नावामागे बॅश असतो, डेबियन आणि उबुंटू यांच्यात डॅश; बॅशचे खास प्रयोग डॅशला कळत नाहीत. शंभर यंत्रांना एकच वाक्य ऐकवले तर ते शंभरांना सारखेच समजले असे गृहीत धरता येत नाही, ते ह्यामुळे.

एवढे दोष दाखवल्यावरही ‘शेल’ वर्ज्य करावा असे ठरत नाही. जगातील प्रत्येक कामासाठी तयार विध्यर्थी घटक असणार नाही. आणि घटकांच्या पोटात तरी काय असते? त्यांतील पुष्कळ घटक अखेरीस कोणती ना कोणती आज्ञाच चालवतात. फरक एवढाच की आधी स्थिती पाहतात, मग आज्ञा देतात, आणि उत्तराचा अर्थ लावून मग साक्ष देतात. हे तिन्ही संस्कार शेलच्या ओळीवरही करता येतात. आधी पाहणारी एक ओळ, तिच्या उत्तराला दिलेले नाव, त्या नावावर अवलंबून चालणारी दुसरी ओळ, बाहेरून आलेल्या प्रत्येक मूल्यावर ‘कोट’ ही गाळणी, आणि ‘चेंज्ड-व्हेन’, ‘फेल्ड-व्हेन’ यांची सत्य विधाने : इतके लिहिले की शेलची आज्ञा विध्यर्थाच्या बरीच जवळ जाते. ते कंटाळवाणे असते, म्हणून लिहिले जात नाही, हा भाषेचा दोष म्हणावा की लेखकाचा, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल.

हा खटाटोप का करावा, ह्याचे उत्तर साधनाच्या नावात विनोदाने दडलेले आहे. ‘अँसिबल’ हे नाव अर्सुला ल ग्विन यांनी १९६६ च्या एका कादंबरीत कितीही अंतरावर तत्क्षणी निरोप पोचवणाऱ्या काल्पनिक यंत्राला दिले होते. खऱ्या वाहिनीत निरोप वाटेत अडकतो. आज्ञा गेली आणि उत्तर येण्यापूर्वी संबंध तुटला, तर पडद्यावर ‘अनरीचेबल’ असा शब्द उमटतो. आज्ञा पोचलीच नाही, की पोचून पाळली गेली आणि फक्त उत्तर हरवले, हे त्या शब्दावरून कळत नाही, कळणे शक्यही नाही. अशा वेळी करता येण्यासारखी गोष्ट एकच, तेच वाक्य पुन्हा म्हणणे. विध्यर्थी वाक्य पुन्हा म्हणता येते. ‘खात्यात शंभर रुपये घाल’ अशा घाटाची शेलची ओळ पुन्हा म्हणण्यापूर्वी, आधी पलीकडे जाऊन खात्यात किती आहेत ते पाहावे लागते.